मत्स्यकन्येचे शेपूट : साहित्याची निवड आणि परीक्षा



वार्षिक स्नेहसंमेलन जवळ येऊ लागले की शाळाशाळांतून नाटुकल्यांची आणि नृत्यनाट्यांची जुळवाजुळव सुरू होते. डेन्मार्कचा कथाकार हान्स अँडरसन याने १८३७ साली प्रसिद्ध केलेली छोट्या मत्स्यकन्येची गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असते, आणि ती रंगमंचावर आणण्याचा मोह एखाद्या वर्गाला होतोच. कमरेच्या वर मुलगी आणि कमरेखाली मासा, असे या मत्स्यकन्येचे रूप. वरच्या भागाची वेशभूषा सोपी असते. खरा प्रश्न पडतो तो शेपटाचा. ते कशाचे करावे? ताठ राहील कसे? हलेल कसे?

अलीकडे या प्रश्नाला दुसरीही बाजू आली आहे. असे शेपूट घालून पाण्यात पोहण्याचा छंद जगात अनेक ठिकाणी रूढ झाला आहे आणि त्याच्या चित्रफिती घरोघरी पाहिल्या जातात. त्या पाहून आपणही घरीच एक शेपूट तयार करावे, असे गोव्यातील मुलामुलींना वाटले तर नवल नाही. पेडणे तालुक्याला उत्तरेस तेरेखोल, दक्षिणेस शापोरा आणि पश्चिमेस समुद्र आहे. डिचोली तालुक्याला समुद्र नसला तरी मांडवी आहे, साखळीची वाळवंटी आहे, मयेचे तळे आहे. पाणी आपल्या उंबरठ्याशीच आहे. म्हणून हा विषय वरवर हौसेचा वाटला तरी त्याचा अभ्यास नीट केला पाहिजे. कारण रंगमंचावर चुकलेले शेपूट फार तर हसू आणील, पण पाण्यात चुकलेले शेपूट जीव घेऊ शकते.

शेपूट माशाचे की डॉल्फिनचे?

साहित्य निवडण्यापूर्वी त्या वस्तूचे काम काय, हे पाहावे लागते. बाजारातला बांगडा किंवा इसवण हाती घेऊन पाहा. त्याचा पुच्छपर उभा असतो आणि मासा तो डावीकडून उजवीकडे हलवितो. आपल्या किनाऱ्यावरून कधीकधी दिसणाऱ्या डॉल्फिनचे शेपूट मात्र आडवे असते आणि ते वरखाली हलते. डॉल्फिन हा मासा नसून सस्तन प्राणी आहे. त्याचा कणा आपल्याप्रमाणेच पुढेमागे अधिक सहजतेने वाकतो. मनुष्याची कंबर आणि गुडघेही त्याच दिशेने वाकतात. म्हणून मत्स्यकन्येच्या शेपटाला रंगरूप माशाचे दिले, तरी पाण्यात त्याची रचना डॉल्फिनसारखी आडवी असावी लागते.

गंमत अशी की, खलाशांनी सांगितलेल्या मत्स्यकन्यांच्या गोष्टींमागेही असाच एक सस्तन प्राणी असावा असे मानतात. कोलंबसाने १४९३ साली कॅरिबियन समुद्रात मत्स्यकन्या पाहिल्याची नोंद केली. त्या बहुधा समुद्रगायींच्या जातीच्या होत्या. भारतात या कुळातील डुगाँग हा प्राणी मन्नारचे आखात व पाल्कची सामुद्रधुनी, कच्छचे आखात आणि अंदमान-निकोबार येथे थोड्या संख्येने उरला आहे. त्याच्या रक्षणासाठी तमिळनाडू सरकारने २०२२ साली पाल्कच्या उपसागरात राखीव क्षेत्र जाहीर केले. त्याचेही शेपूट आडवेच असते.

माणसाचे जुने प्रयत्न

पाण्यात अधिक वेगाने जावे ही माणसाची इच्छा जुनी आहे. अमेरिकेचा विख्यात शास्त्रज्ञ व मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन याने लहानपणी सुमारे २५ सेंटिमीटर लांब व १५ सेंटिमीटर रुंद अशा दोन लंबवर्तुळाकार फळ्या तयार केल्या आणि त्या हातांत धरून तो पोहला. वेग वाढला, पण मनगटे थकून गेली. पायांसाठीही त्याने चपलेसारखी साधने केली होती. पण पोहताना रेटा केवळ तळव्याने दिला जात नाही, पावलाच्या आतल्या बाजूने आणि घोट्यानेही दिला जातो, हे त्याच्या ध्यानात आले आणि ती साधने त्याला समाधानकारक वाटली नाहीत. या छोट्या प्रयोगातून दोन गोष्टी शिकावयाच्या. साधन मोठे केले की फायदा वाढतो, तसा सांध्यांवरचा भारही वाढतो. आणि प्रयोग करून पाहिल्यावाचून साधनाचा दोष कळत नाही.

पुढे १९३३ साली फ्रान्समधील लुई द कोर्लिय या नौदल अधिकाऱ्याने पायांना बांधावयाच्या रबरी परांचे एकस्व घेतले. त्याच सुमारापर्यंत ऑस्ट्रेलियाची जलतरणपटू ॲनेट केलरमन हिने मूकपटांतून मत्स्यकन्येच्या भूमिका गाजविल्या होत्या. बालपणी तिचे पाय दुर्बल होते आणि पायांना बळ यावे म्हणून तिला पोहावयास शिकविण्यात आले होते. लक्षात घ्या, ती आधी अव्वल पोहणारी झाली आणि मग तिने शेपूट चढविले. हा क्रम उलटा करता येत नाही.

रंगमंचावरचे शेपूट

प्रथम रंगमंचाचा विचार करू. पेडण्याकडच्या वाचकांना दशावतारी नाटके परकी नाहीत. मत्स्यावतारात विष्णूने ज्याचा वध केला, तो वेद पळविणारा संकासुर तेथे काळ्या वेषात येतो. ही मंडळी आपले सारे साहित्य पेटाऱ्यात घालून गावोगाव नेतात. अवजड देखावे ती मांडत नाहीत, थोडक्या सामग्रीतून पात्र उभे करतात. शाळेच्या मत्स्यकन्येलाही हाच धडा लागू आहे. शेपूट हलके, घडी होणारे आणि लांबून शोभणारे असले की पुरे.

यासाठी उत्तम साहित्य आपल्या परसातच सापडते. पोफळीची वाळून गळलेली विरी हलकी, चिवट आणि कापावयास सोपी असते. ओली करून हव्या त्या आकारात दाबून वाळविली की तो आकार ती बऱ्याच अंशी धरून ठेवते. बांबूच्या कामट्या किंवा वेत यांचा सांगाडा छान लवतो. कामट्यांचे टोक व कडा मात्र काचकागदाने घासून त्यांवर कापड गुंडाळावे, कारण बांबूची कुसळ बोटात खोल शिरते. जुनी साडी, खळ दिलेले कापड, कागदाचा लगदा, हे सारे येथे चालते. थर्मोकोल आणि कृत्रिम धाग्याचे कापड मात्र समईपासून व तापलेल्या दिव्यांपासून दूर ठेवावे. दोन्ही लवकर पेट घेतात. शेपूट स्कर्टासारखे, खालून मोकळे असावे, म्हणजे पात्राला स्वतःच्या पायांनी चटकन बाहेर जाता येईल.

परंतु हे सारे साहित्य पाण्यात नेले तर काय होईल? खळ विरघळेल, लगदा फुगेल, विरी मऊ पडेल, साडी पायांना चिकटेल. कोरड्यात गुण दाखविणारी वस्तू ओल्यात दोष दाखविते. म्हणून रंगमंचाचे शेपूट पाण्यात कधीही घालू नये, हा पहिला नियम.

पाण्यातल्या शेपटाच्या पाच परीक्षा

डिचोलीच्या बाजारात मडके घेणारी गृहिणी ते बोटाने वाजवून पाहते. नाद बद्द आला तर बाजूला ठेवते. दिसते तसे नसते, हे तिला ठाऊक असते. तीच दृष्टी येथे हवी. पुढील परीक्षा शाळेच्या प्रयोगशाळेत बादली, तराजू, ताणकाटा, पट्टी आणि घड्याळ एवढ्या साधनांनी करता येतात. पूर्ण शेपूट करण्यापूर्वी प्रत्येक साहित्याचा लहान तुकडा घ्यावा आणि वहीत नोंद ठेवावी.

पहिली परीक्षा : ओलेपणाची. कापडाचा वीतभर चौकोनी तुकडा कोरडा असताना तोलावा. पाव तास पाण्यात भिजवून, न पिळता दोन मिनिटे टांगून ठेवावा व पुन्हा तोलावा. समजा कोरडा तुकडा ४० ग्रॅम व ओला १०० ग्रॅम भरला, तर त्याने ६० ग्रॅम, म्हणजे आपल्या वजनाच्या दीडपट पाणी धरून ठेवले. सुती कापड, नायलॉन व पॉलिएस्टर यांचे तुकडे शेजारी टांगले म्हणजे फरक डोळ्यांनीच दिसतो. हे पाणी पाण्याच्या आत असताना जड वाटत नाही, पण काठावर चढताना सारा भार अंगावर येतो. याच वेळी टिकल्या आणि चमकीचीही परीक्षा घ्यावी. तुकडा बादलीत चोळून ते पाणी स्वच्छ फडक्यातून गाळावे. फडक्यावर चमकी उरली तर ती उद्या समुद्रात जाईल. मोरजी व मांद्रे येथील किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालावयास येतात. पाण्यात प्लॅस्टिकचा कचरा टाकणे म्हणजे पाहुण्यांच्या पानात खडे वाढण्यासारखे आहे.

दुसरी परीक्षा : तरंगण्याची. येथे आर्किमिडीजचा सिद्धांत उपयोगी पडतो. तुकडा ताणकाट्याला टांगून हवेत तोलावा, मग पाण्यात पूर्ण बुडवून तोलावा. हवेत १२० ग्रॅम व पाण्यात २० ग्रॅम भरला, तर त्याने १०० ग्रॅम पाणी बाजूस सारले. म्हणून त्याचे विशिष्ट गुरुत्व १२० भागिले १००, म्हणजे १.२. पॉलिकार्बोनेट या पारदर्शक चिवट पत्र्याचे गुरुत्व साधारण एवढेच असते. पॉलिप्रोपिलीनचे सुमारे ०.९, म्हणून ते तरंगते. लोखंडाचे सुमारे ७.८, त्याला येथे स्थान नाही. समुद्राच्या पाण्यासाठी एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ विरघळवून हीच परीक्षा पुन्हा करावी. खाऱ्या पाण्याचे एक लिटर गोड्या पाण्याहून सुमारे २५ ग्रॅम जड असते. म्हणजे चार लिटर पाणी बाजूस सारणारे शेपूट मयेच्या तळ्यातल्यापेक्षा हरमलच्या समुद्रात सुमारे १०० ग्रॅम अधिक उचलले जाईल.

पुष्कळांना वाटते, शेपूट जितके तरंगते तितके सुरक्षित. हे साफ चूक आहे. आपल्याकडे पोहावयास शिकताना सुके नारळ किंवा भोपळ्यांची सांगड छातीशी बांधतात, पायांशी नव्हे. फोमने भरलेले शेपूट पाय वर उचलते आणि डोके खाली जाते. फार जड शेपूट पाय खाली ओढते. चांगले शेपूट ना उचलावे, ना ओढावे. ते पाण्यात जवळजवळ अधांतरी राहावे.

तिसरी परीक्षा : लवण्याची. पुच्छपरासाठी घ्यावयाच्या पत्र्याची अरुंद पट्टी कापून ती टेबलाच्या कडेवर घट्ट दाबावी व ३० सेंटिमीटर भाग बाहेर मोकळा ठेवावा. टोकाला वजन टांगून टोक किती खाली आले ते मोजावे. मग मोकळा भाग १५ सेंटिमीटर ठेवून तेच वजन टांगावे. खाली येणे निम्मे होत नाही. सुमारे एक अष्टमांश होते. जाडीचाही नियम असाच आहे. त्याच द्रव्याच्या पट्टीची जाडी दुप्पट केली, तर ताठपणा आठपट होतो. तीन मिलिमीटरऐवजी चार मिलिमीटर पत्रा घेतला तर ताठपणा सुमारे २.४ पट होतो. म्हणून ‘जरा जाड घेऊ’ हा शब्द जपून वापरावा. जाडीत दिसणारा लहान फरक गुडघ्यांना आणि घोट्यांना मोठा वाटतो.

डॉल्फिनच्या शेपटाकडे पाहा. ते मुळाशी जाड व ताठ, कडेला पातळ व लवचीक असते. आपणही मुळाशी दोन-तीन पातळ थर, मध्यभागी एक-दोन आणि टोकाशी एकच थर ठेवून हा गुण साधू शकतो. द्रव्याची निवड करताना ते वाकवून सोडल्यावर पूर्ववत होते का, हेही पाहावे. ॲक्रिलिकचा पत्रा दिसावयास सुंदर, पण तो वाकवताना तडकतो आणि त्याची कड सुरीसारखी होते. पॉलिप्रोपिलीन शेकडो वेळा वाकविले तरी सहसा तुटत नाही. पुष्कळ डब्यांच्या व बाटल्यांच्या झाकणांची पातळ बिजागरी त्याचीच असते. पट्टी २०० वेळा वाकवून पुन्हा मापावी. पांढरा चरा किंवा भेग दिसल्यास ते साहित्य बाद करावे. साधे प्लायवूड रात्रभर पाण्यात ठेवून पाहिल्यास त्याचे थर सुटू लागतात. पुठ्ठ्याबद्दल तर बोलावयासच नको.

चौथी परीक्षा : जोडाची. वस्तू सहसा मध्ये तुटत नाही, जोडात तुटते. पांढरा गोंद लाकडाला व कागदाला उत्तम, पण पाण्यात मऊ पडतो. रबराला सायकलच्या पंक्चरचे सोल्युशन बरे धरते. दोन तुकडे जोडून एक दिवस वाळवावेत, एक रात्र खाऱ्या पाण्यात ठेवावेत आणि ताणकाट्याने ओढून किती भाराला सुटतात ते लिहावे. शिवणीसाठी सुती दोरा नको. कोकणकिनाऱ्यावर पूर्वी जाळी सुताची असत आणि ती कुजू नयेत म्हणून झाडांच्या सालींच्या काढ्यात बुडवीत. नायलॉन आल्यावर तो खटाटोप संपला. खिळे-स्क्रू लोखंडाचे असतील तर समुद्राच्या पाण्यात त्यांना थोड्याच दिवसांत गंज चढतो. ते न गंजणाऱ्या पोलादाचे असावेत आणि त्यांची टोके पायाच्या बाजूस कधीही येऊ नयेत.

पाचवी परीक्षा : सुटकेची. वरील चारही परीक्षांत पहिला आलेला विद्यार्थी जर या एका परीक्षेत नापास झाला, तर तो नापासच. शेपूट घातल्यावर दोन्ही पाय एक होतात. पाण्यात घाबरलेला मनुष्य पाय वेगवेगळे मारून, उभा राहून किंवा पाणी तुडवून स्वतःस वाचवितो. शेपटाने हे तिन्ही मार्ग बंद होतात. कमरेएवढ्या पाण्यातही नीट उभे राहता येत नाही. म्हणून परदेशांतील काही सार्वजनिक तरणतलावांनी अशा शेपटांना बंदी केली आहे.

ही परीक्षा प्रथम जमिनीवर, चटईवर बसून घ्यावी. हात ओले करावेत, डोळे मिटावेत आणि दुसऱ्याने एक ते पाच मोजावे. पाच म्हणण्याच्या आत दोन्ही पाय मोकळे झाले पाहिजेत. एकदा नव्हे, लागोपाठ दहा वेळा. गाठ, बकल, पाठीमागची चेन, घोट्याभोवतीचा घट्ट पट्टा, हे काहीही नको. पावलांचे खिसे टाचेकडून मोकळे व कमरेचे कापड सैल इलॅस्टिकचे असावे. कापड ओले झाले की पायाला चिकटते. म्हणून हीच परीक्षा शेपूट भिजवूनही घ्यावी. एकदाही चूक झाली तर आकार कितीही मोहक असो, शिवण उसवावी आणि पुन्हा आरंभ करावा.

कोठे आणि कोणाच्या देखरेखीखाली?

पाण्यातली चाचणी ही घरच्या कोणाला न सांगता करावयाची गोष्ट नव्हे. ज्याला शेपटावाचून, दोन्ही पाय जुळवून डॉल्फिनसारखे पोहता येत नाही, त्याने शेपूट घालूच नये. लहान मुलांना ते देऊ नये. जागा म्हणजे पणजीच्या कांपाल येथील तलावासारखा देखरेखीखालचा तरणतलाव. तेथील अधिकाऱ्यांची परवानगी, उथळ बाजू, आणि हाताच्या अंतरावर उत्तम पोहणारी वडील व्यक्ती, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी असाव्यात. पाण्याखाली फार वेळ राहण्याची पैज लावू नये. बुडी मारण्यापूर्वी जोरजोराने पुष्कळ श्वास घेतल्यास श्वास घेण्याची निकड जाणवण्याआधीच शुद्ध हरपू शकते, आणि शेजारच्याला ते कळतही नाही.

नदी, समुद्र आणि तळी येथे चाचणी करू नये. शापोऱ्याच्या व तेरेखोलच्या मुखाशी भरती-ओहोटीची ओढ मोठी असते. समुद्रकिनाऱ्यांवर २००८ सालापासून प्रशिक्षित जीवरक्षक नेमलेले असतात आणि ते लावतात ती लाल बावटी पाहून मागे फिरावे. पावसाळ्यात तर समुद्रात उतरूच नये. डिचोली तालुक्यातील मुलांना एक गोष्ट विशेष बजावून सांगावीशी वाटते. खनिज काढल्यावर मागे राहिलेले खाणींचे खंदक पाण्याने भरतात आणि निळेहिरवे, शांत दिसतात. त्यांच्या कडा उभ्या व मातीच्या असतात, तळ एकदम खोल जातो, आणि बाहेर येण्यास धरावयाला काही नसते. तेथे शेपटाने तर नव्हेच, मोकळ्या पायांनीही उतरू नये.

उपसंहार

वाचक विचारतील, एवढ्या अटी असतील तर हे शेपूट करावयाचे तरी कशाला? उत्तर असे की, या निमित्ताने विशिष्ट गुरुत्व, स्थितिस्थापकता, गंज आणि सांधे हे पुस्तकातले धडे हातांत येतात. वर्गातील पाच जणांनी मिळून प्रत्येकी एक परीक्षा वाटून घ्यावी, तुकड्यांना क्रमांक द्यावेत, मापे तीन-तीनदा घ्यावीत आणि फसलेल्या तुकड्यांची नोंदही यशस्वी तुकड्यांइतक्याच काळजीने करावी. पाण्यात एकदाही न उतरता एवढा सारा अभ्यास पुरा होतो, हे ध्यानात घ्यावे.

होडीचे लाकूड निवडणारा सुतार, जाळे विणणारा मच्छीमार आणि मडके भाजणारा कुंभार हे सारे साहित्याला आधी प्रश्न विचारतात व मग त्यावर भरवसा ठेवतात. तू ओले झाल्यावर कसे वागशील? वाकविल्यावर मोडशील का? आणि प्रसंग आला तर मला सोडशील का? या तीन प्रश्नांची खरी उत्तरे ज्या शेपटाने दिली, तेच घालावे. ज्याने दिली नाहीत, ते कितीही चमकत असले तरी संमेलनाच्या भिंतीवर शोभेला लावून ठेवावे.